औषध उतरू द्यायचं नाही

माझ्या भावाचा जीव ज्या बाईच्या हातात होता, त्या बाईच्या कपाळात माझ्या मामाने सलाईनचा स्टँड घातला. भर दुपारी, भेटीच्या वेळेत, माझ्या डोळ्यांदेखत. ती बाई त्या वॉर्डची मोठी सिस्टर होती. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट आजही 'दवाखान्यात जरा गोंधळ झाला होता' अशी सांगतात. गोंधळ लग्नात होतो, पंगतीत होतो. बाईचं कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरतं त्याला गोंधळ म्हणत नाहीत. म्हणून एकदा मीच सांगते, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे. घर दिंडोरीच्या पुढे, द्राक्षाच्या गावात. आई-वडील आम्ही लहान असतानाच गेले आणि मामाने आम्हा दोघा भावंडांना आपल्या घरी नेलं. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. दादा म्हणजे त्याचा जीव की प्राण. मामा अंगाने आडदांड, तालमीत घुमलेला, बोलायला कमी आणि हात उचलायला पुढे. दादाला शाळेत मास्तरांनी छडी मारली तेव्हा मामा त्यांच्या घरी गेला होता, आणि मास्तरांनी पुढे बदली मागून घेतली. गावात हे कौतुकाने सांगायचे. मला त्यात कौतुक कधी वाटलं नाही, कारण त्या हाताचा मार मीही खाल्ला होता.

आता औषध या शब्दाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्या एका शब्दावरून झालं. द्राक्षाच्या गावात नुसतं औषध म्हटलं की ते बागेचं. औषध मारायचंय, औषध संपलं, आज वारा आहे म्हणून औषध नको. माणसाच्या औषधाला आम्ही गोळी म्हणायचो नाहीतर इंजेक्शन. आणि बागेच्या औषधाचा माणसाशी संबंध आला की त्याला दोन क्रियापदं. औषध घेतलं, म्हणजे जीव द्यायला प्यायला. औषध लागलं, म्हणजे फवारताना अंगाला बाधलं. या दोन क्रियापदांमध्ये घराची अब्रू उभी असते.

ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींचे डोळे फुटायला लागले होते. त्या कोवळ्या फुटीवर उडद्या नावाचा किडा पडतो आणि बघता बघता फूट खाऊन टाकतो, म्हणून त्या दिवसांत जहाल औषध मारतात. दादाने सकाळी पिंपात औषध कालवलं, काठीने कालवायचं ते हाताने. फवारताना पंपाच्या नळीचा जोड सुटला आणि सगळा फवारा त्याच्या छातीवर, तोंडावर आला. त्याने शर्ट काढून पिळला, तोच परत घातला आणि राहिलेल्या ओळी पुऱ्या केल्या. आमच्याकडे याला कामसू म्हणतात. मी मूर्खपणा म्हणते. घरी येईपर्यंत त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि पाय आपटत होते. मामाने त्याचे दात चमच्याने उघडून तूप पाजलं, वर चिंचेचं पाणी पाजलं आणि जीपमध्ये घालून नाशिकला आणलं.

मला निरोप मिळाला तशी मी पळत गेले. दवाखाना शहरातल्या एका ट्रस्टचा, नाव सांगत नाही. दादाला नुकतंच स्ट्रेचरवर घेतलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. नाकातोंडातून फेस. दंडाचं आणि पोटरीचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. अंगाला औषधाचा असा भपका होता की माझ्या घशात आग झाली.

एका तरुण डॉक्टरने त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावत विचारलं, "कधी घेतलं?"

त्या भागातल्या डॉक्टरचा हा रोजचा प्रश्न असणार. मामाने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबला. "घेतलं नाय. लागलं. परत बोल काय बोलला ते." डॉक्टरचा चेहरा काळानिळा व्हायला लागला.

तेव्हा ती सिस्टर पहिल्यांदा दिसली. पन्नाशीची, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा. हातात कात्री होती. ती मामाला म्हणाली, "घेतलं का लागलं ते नंतर भांडा. आत्ता सोडा त्याला, तुमच्या पोराला त्याचेच हात लागणार आहेत." आवाज चढवला नाही, हातही लावला नाही. मामाने डॉक्टरला सोडलं. एका बाईने आपल्याला असा हुकूम सोडला हे त्याला इतकं नवीन होतं की रागवायचं राहून गेलं असावं.

मग तिने दादाचा शर्ट, पँट, करदोटासुद्धा कात्रीने कापून काढला. भर जनतेत नागडा केला. मामाने तोंड भिंतीकडे फिरवलं. वॉर्डबॉय बादल्या ओतत होता आणि ती साबणाने दादाला घासत होती, काखा, जांघा, कानामागे, नखांच्या आत. केसांत औषध राहतं म्हणून केस कापून टाकले. दादा ओकत होता, हगत होता, सगळं तिच्या चपलांवर. दवाखान्यातली एक मावशी ते फडक्याने उचलायची, फडकं बादलीत टाकायची, दुसरं घ्यायची. शी करून तोंड वाकडं करणारं तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. नाकातून पोटात नळी घातली तर तूप वर आलं.

"हे कोणी पाजलं?" सिस्टरने विचारलं.

"मी," मामा म्हणाला.

"परत कोणाला पाजू नका. तुपाने हे अंगात लवकर भिनतं."

मामाचा जबडा नुसता हलत होता. तो अपमान त्याने गाठीला बांधून ठेवला.

वॉर्डमध्ये नेल्यावर तिने मला जवळ घेऊन समजावलं. मामा तेव्हा बाहेर पोलिसाला जबाब देत होता, पुन्हा तेच, घेतलं नाय लागलं. सिस्टर मला म्हणाली, "हे इंजेक्शन देतोय ना, हे त्याच्या अंगातलं पाणी आटवतं. छाती कोरडी झाली पाहिजे, नाहीतर स्वतःच्याच लाळेत बुडून मरेल. आता तोंड सुकेल, अंग लाल होईल, नाडी पळायला लागेल. मग वेड्यासारखं करेल. वेड्यासारखं केलं की रडायचं नाही. समजायचं, औषध चढलं." मामा आत आल्यावर तिने त्यालाही सांगितलं. मामाने मान डोलावली. पण मामा बाईमाणसाचं ऐकतो म्हणजे त्यातला फक्त आवाज ऐकतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

औषध चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खाटेवर उठून बसला आणि ओरडायला लागला की छतावर उडद्या पडलाय, औषध मारा. लालभडक चेहरा, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की भोवतीचं तपकिरी कडं उरलंच नव्हतं. हवेतून काहीतरी वेचत होता. वॉर्डबॉय धरायला गेला तर त्याच्या कानाखाली दणका दिला. सिस्टर सुई सांभाळायला पुढे झाली तर तिच्या मनगटाला चावला आणि सोडेचना. तिने दुसऱ्या हाताने त्याचं नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. दातांच्या खुणांतून रक्त आलेलं. तिने त्यावर कापूस धरला आणि म्हणाली, "बांधा."

बांधायची पण त्यांची रीत होती. आधी मनगटाला कापसाची जाड घडी, मग वरून पट्टी, म्हणजे ओढाताणीत कातडी सोलू नये. पट्टीखाली बोट घालून बघायचं, रक्त अडत नाही ना. दादा तिला आईबहिणीवरून शिव्या देत होता. माझ्या सभ्य, मितभाषी भावाला इतक्या शिव्या येतात हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणायची, "हं, बोल. पुढे?" आणि ओल्या कापसाने त्याचे तडकलेले ओठ पुसायची. तो पाणी मागायचा, रडून मागायचा. तोंडाने पाणी दिलं तर फुप्फुसात जाईल म्हणून देता येत नव्हतं. त्याचं ते पाणी पाणी ऐकून मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं.

दुपारी भेटीच्या वेळी गावाहून दोन जीप भरून माणसं आली. मामाच्या तालमीतली पोरं, भाऊबंद, शेजारी. मामा सगळ्यांच्या पुढे. तो खाटेशी आला तेव्हा ड्यूटी बदलत होती आणि सिस्टर दुसऱ्या, नव्या सिस्टरला पेशंट समजावून देत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. ती म्हणाली, "याचं औषध उतरू द्यायचं नाही हं. चढलेलंच राहिलं पाहिजे. उतरायला लागलं की लगेच अजून द्यायचं."

आता मामाच्या कानांनी हे ऐकून बघा. आमच्याकडे साप चावला तर विष उतरवतात. दारू चढली तर उतरवतात. औषध लागलं तर ते उतरवायला दवाखान्यात आणतात. आणि इथे त्याचा भाचा हातपाय बांधलेला, तासलेल्या डोक्याचा, लालबुंद, पाण्यासाठी रडतोय, आणि ही बाई सांगतेय की औषध उतरू देऊ नका, उतरलं तर अजून द्या. त्याच्यापुरतं त्या वाक्याचा अर्थ एकच होता.

"मारू ऱ्हायलीय माझ्या पोराला," एवढंच तो म्हणाला. शेजारच्या खाटेजवळचा लोखंडी स्टँड त्याने बाटलीसकट उपसला. ती वळायला आणि फटका बसायला एकच गाठ पडली. चष्म्याची काच उडून माझ्या पायाशी आली. बाटली फरशीवर फुटली. त्या फटक्याचा आवाज मोठा नव्हता. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडते तसा, बद्द. ती पडली ती दादाच्या खाटेवर, आणि पडता पडता तिने त्याच्या ज्या हाताला सलाईनची सुई होती तो हात स्वतःच्या अंगाखाली घेतला. मी हे स्वतः पाहिलंय. कोणी म्हणेल ती तशीच पडली असेल. नाही. तिने हात आधी शोधला, मग पडली.

मग सगळेच सुटले. खिडक्यांच्या काचा फुटल्या. औषधांची ढकलगाडी उलटी केली, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या चपलांखाली फुटायला लागल्या. वॉर्डबॉय दारात आडवा झाला तर त्याला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खाटेखाली शिरला आणि तिथून मोठमोठ्याने देवाचं नाव घेत राहिला. तरुण डॉक्टरला दोघांनी धरला आणि तिसऱ्याने मारला. तालमीतला एक पैलवान दादाच्या पट्ट्या सोडवायला बसला. एक हात मोकळा झाल्याबरोबर दादाने त्याचाच ओठ फाडला. त्या सगळ्या प्रकारात तेवढंच मला न्यायाचं वाटलं.

आणि आमच्या शेजारचा एक शहाणा लोटाभर पाणी घेऊन आला. "पाज त्याला, पाणी मागू ऱ्हायलाय." माझ्या हातात जेवणाचा डबा होता, स्टीलचा, भरलेला. तो मी त्याच्या टाळक्यात घातला. वरण त्याच्या कानात गेलं. लोटा पडला. त्याचा मला आजही आनंद आहे.

सिस्टर उठून बसली होती. अर्धा चेहरा रक्ताने भरलेला, एक डोळा मिटलेला. ती नव्या सिस्टरवर ओरडली, "रडतेस काय? इंजेक्शन भर. बंद पडायला नको." नवी सिस्टर म्हणाली, कुप्या फुटल्या सगळ्या. तेव्हा ती मावशी, कालचीच, खाटांखालून रांगत, त्या लाथा मारणाऱ्या पायांच्या मधून, काचांवरून गुडघे ओढत न फुटलेल्या कुप्या वेचून पदरात गोळा करून घेऊन आली. तिच्या लुगड्याला गुडघ्यांपाशी रक्ताचे डाग होते. ज्या पायांनी तिची बोटं चिरडली ते माझ्या गावचे होते. इंजेक्शन दिलं गेलं.

पोलीस आले तशी सगळी मर्दुमकी खिडकीतून उड्या मारून पळाली. मामाही दिसेनासा झाला.

तरुण डॉक्टरने, स्वतःचा ओठ सुजलेला, सिस्टरला तिथेच स्टुलावर बसवून टाके घातले. दादाची सुई नीट बसल्याशिवाय ती वॉर्डच्या बाहेर जायला तयार नव्हती. टाके घालताना ती ओरडली आणि शिव्याही दिल्या, माझ्या मामाला आणि त्याच्या सगळ्या खानदानाला, म्हणजे मलाही. मी ऐकून घेतल्या. त्या वाजवी होत्या.

बाहेर व्हरांड्यात सगळा स्टाफ जमला होता. एक जण मला म्हणाला, "घेऊन जा तुमचा पेशंट. आत्ताच्या आत्ता." बाकीचे माना हलवत होते. त्यांच्या जागी मी असते तर पेशंट खाटेसकट रस्त्यावर ठेवला असता. दादाला तिथून हलवलं तर तो रस्त्यातच जाणार हे मला दिसत होतं, आणि आपल्याला त्याला इथेच ठेवा म्हणायचा हक्क उरलेला नाही हेही दिसत होतं.

सिस्टर डोक्याला पट्टी बांधून बाहेर आली. ती म्हणाली, "पेशंट कुठे जाणार नाही. तो मला चावला ते औषधाने चावला. त्याच्या मामाने मारलं ते शुद्धीत मारलं. दोन्हीचा हिशेब वेगळा." मग ती पोलिसाकडे गेली आणि तक्रार लिहून दिली, मामाचं वर्णन, कपडे, सगळं. गावातले दोन वजनदार लोक संध्याकाळी साडी आणि नारळ घेऊन तिच्याकडे आले, बाई, घरातलं समजा, केस मागे घ्या. ती म्हणाली, "साडी तुमच्या बायकोला होईल. आणि भेटीची वेळ संपली." सिन्नरकडची शेतकऱ्याचीच लेक होती ती. तिला आमच्या वजनदार माणसांचं वजन चांगलं माहीत होतं.

त्यानंतर दादा शांत होत गेला. बाहुल्या लहान झाल्या, लोक ओळखायला लागला. त्याला काहीच आठवत नव्हतं. सगळे म्हणाले, वाचला. गावाकडचे म्हणाले, आता घरी न्या, नाहीतर ती बाई डूख धरून काहीतरी करेल. मला भीती वाटली नाही असं नाही. कारण ती येताजाता खाटेशी थांबायची आणि म्हणायची, "मान उचल." दादा पडल्या पडल्या मान उशीवरून वर करायचा. "धर. अजून धर. ठेव." थोड्या वेळाने पुन्हा. दादा झोपला असला तर उठवून. भेटायला आलेला एक भाऊबंद मला कुजबुजला, "बघ, कसा सूड उगवू ऱ्हायलीय. आपल्या पोराला मान वर कर म्हणते, सगळ्यांसमोर." कपाळावर टाके, एक डोळा अजून काळा, चष्मा दोऱ्याने बांधलेला, अशी ती माझ्या भावाला दटावून मान उचलायला लावायची, आणि मलाही ते बरं दिसायचं नाही. मी तिला सरळ विचारलं.

ती म्हणाली, "हे बागेचं औषध दोनदा मारतं, पोरी. माणूस बरा झाला असं वाटतं, आणि मग आतली ताकद जाते. सगळ्यात आधी मान जाते. मग श्वास. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, याची मान बघत राहा म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मान उचल," आणि दादाची मान उशीवरून हलली नाही.

तो हसला. त्याला वाटलं, झोपेमुळे असेल. सिस्टरने उशी फेकली, त्याची हनुवटी वर खेचली आणि अशी हाक मारली की डॉक्टर जेवण सोडून खरकट्या हाताने पळत आला. दादा शुद्धीत होता. श्वास छोटा छोटा होत गेला, ओठ निळे पडले, आणि तो माझ्याकडे बघत होता. नजरेने विचारत होता, काय होतंय. डॉक्टरने त्याला झोपेचं इंजेक्शन देऊन त्याच्या तोंडात लोखंडी पातं घातलं, जीभ दाबली, घशात नळी ढकलली. दाताचा तुकडा पडला. नळीतून रक्त आणि फेस आला.

श्वासाचं मशीन एकच होतं आणि त्यावर एक बाळंतीण होती. ते मोकळं होईपर्यंत हाताने. नळीला रबराची काळी फुगीर पिशवी लावायची आणि दाबत राहायचं. दाबली की छाती वर, सोडली की खाली. पिशवी थांबली की माणूस थांबला. वॉर्डबॉयच्या बरगड्या आमच्या लोकांनी मोडलेल्या. नवी सिस्टर बाकीचा वॉर्ड सांभाळत होती. मी दाबायला घेतलं. सिस्टर नळीतला चिकटा ओढून काढायची, इंजेक्शनं द्यायची, पुन्हा नाडी बघायची. थोड्याच वेळात माझ्या बोटांना वांब आले आणि पिशवी हातातून निसटायला लागली. दादाची छाती अर्धीच वर यायला लागली. सिस्टर म्हणाली, "हाताला पकड असलेलं कोणी आहे का तुमच्यात?"

मामा दारात उभा होता. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, अंगाला बागेची माती. लपला होता तिथून पोराला चोरून बघायला आला होता. त्याने टॉवेल खाली घेतला. सिस्टरने त्याला ओळखलं. तिचा हात आपोआप कपाळावरच्या पट्टीकडे गेला आणि ती एक पाऊल मागे सरली. तिला भीती वाटली हे मी स्पष्ट पाहिलं. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वतः एकदा दाबली आणि त्याला म्हणाली, "इकडे या."

"मला नाय जमायचं, सिस्टर," मामा म्हणाला.

"स्टँड उचलायला जमलं ना. धरा."

तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि वरून स्वतःचा हात ठेवला, चावल्याच्या खुणा असलेला. "छाती बघायची. वर आली की सोडायचं. जोर लावायचा नाही. जास्त जोराने आत फुटेल." त्याने पहिल्यांदा जोरात दाबली तर तिने त्याच्या बोटांवर फटका मारला. "सांगितलं ना, जोर नको. जोर बघितलाय मी तुमचा." मामाने मान खाली घातली आणि हळू दाबली. दादाची छाती पुरी वर आली.

मग तो दाबतच राहिला. आयुष्यात त्या हातांनी इतकं हळू काही केलं नसेल. दुपार कलली, वॉर्डात चहा येऊन गेला. त्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सिस्टरने पुसलं नाही. मी पुसलं. तो मला म्हणाला, "ती मारू ऱ्हायली नव्हती, नाय का?" मी म्हटलं, नाही. तो परत छातीकडे बघायला लागला.

कोणीतरी कळवलं असावं, एक हवालदार आला. त्याने खाटेभोवतीच्या माणसांकडे बघून सिस्टरला विचारलं, "बाई, यातला कोण?"

वॉर्डातले सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीसुद्धा. मला खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं असं वाटत होतं.

"हा," ती म्हणाली. "हाच. पण पिशवी दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय याला हात लावायचा नाही."

हवालदार भिंतीला टेकून उभा राहिला. मामाने वर बघितलं नाही. मी हात चोळून मोकळे केले होते. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, छाती खाली जाताना त्याच्या हाताखाली हात घातला. एक श्वास आम्ही दोघांनी मिळून दिला. पुढचा मी एकटीने. "जोर नको लावू, पोरी," मामा म्हणाला. "छाती बघ." मग त्याने हवालदारापुढे हात केले. दाराशी थांबून तो सिस्टरकडे वळला आणि हात जोडले, पण ती दादाच्या नळीतला चिकटा ओढत होती, तिला बघायला सवड नव्हती.

बाळंतीण सुधारली, तिचं मशीन दादाला मिळालं. पुढे एका सकाळी सिस्टरने त्याला मान उचलायला सांगितली आणि ती उचलली गेली. डॉक्टरने नळी काढली. आम्ही सगळे वाकून उभे होतो. दादाने घशातून खरखर आवाज काढला, इकडेतिकडे बघितलं आणि पहिला शब्द बोलला.

"मामा?"

सिस्टरने त्याच्या पाठीमागे हात घालून त्याला उठवून बसवलं.

"कोठडीत आहे," ती म्हणाली. "मीच टाकलाय. आता खोक."

दादा तिच्याकडे बघत राहिला.

"खोक म्हणते ना."

तो खोकला.